पतित, पाप आणि नवा जन्म : नगरच्या ख्रिस्ती मराठी लेखनातील एक पेच

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठीतील एका जुन्या शब्दाचे दोन अर्थ परस्परांसमोर उभे ठाकले. तो शब्द 'पतित'. ज्या धर्मविचाराचा टिळकांनी स्वीकार केला त्याच्या दृष्टीने मनुष्यमात्र पतित आहे. म्हणजे टिळक त्या दिवसापर्यंत पतित होते आणि त्या दिवशी त्यांचा उद्धार झाला. त्यांच्या आप्तांच्या दृष्टीने सारे याच्या नेमके उलट होते. त्या दिवसापर्यंत ते शुद्ध होते, आणि त्या दिवशी ते पतित झाले, 'बाटले'. पुढे शुद्धीच्या चळवळीने 'पतितपरावर्तन' असा भारदस्त शब्द रूढ केला, तो याच दुसऱ्या अर्थाच्या आधारावर. या दोहोंच्या पलीकडे वारकरी परंपरेने जपलेला तिसरा अर्थ होताच. 'पतितपावन' या संबोधनातील पतित हा जातीबाहेर गेलेला नसतो, आणि आदिपापाने ग्रासलेलाही नसतो. तो देवापुढे आपल्या उणेपणाची कबुली देणारा भक्त असतो, आणि त्या कबुलीतच त्याचा देवावरील हक्क असतो.

पापावर मात करून नवे जीवन जगण्याची ख्रिस्ती कल्पना मराठीत आली ती अशा तीन अर्थांनी आधीच भरलेल्या शब्दांतून आली. या कल्पनेच्या मराठी इतिहासात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे स्थान मध्यवर्ती आहे. अमेरिकन मराठी मिशनचे नगर येथील ठाणे १८३१ च्या अखेरीस सुरू झाले. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ च्या जूनमध्ये तेथेच निघाले. टिळकांचे ख्रिस्ती आयुष्य बहुतांशी तेथेच गेले, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा गाभाही त्याच मातीत रुजलेला आहे. या लेखनाकडे सामान्यतः दोन प्रकारे पाहिले जाते. एक दृष्टी त्याला धर्मप्रसाराचे साहित्य म्हणून वाङ्मयेतिहासाच्या परिशिष्टात टाकते. दुसरी त्यातील टिळक पती-पत्नींना बाजूला काढून, त्यांचे ख्रिस्तीपण जणू आनुषंगिक होते अशा थाटात, मुख्य प्रवाहात सामावून घेते. दोन्ही दृष्टींतून एक प्रश्न सुटून जातो. या लेखनात 'पाप' म्हणजे नेमके काय आहे, आणि 'नवा जन्म' कोणत्या बाबतीत नवा आहे?

मराठीत ख्रिस्ती तत्त्व मांडण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले होते. परंतु त्या कॅथलिक परंपरेशी नगरच्या प्रॉटेस्टंट लेखनाचा धागा जुळलेला दिसत नाही. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपली परिभाषा जवळजवळ नव्याने, आजूबाजूला बोलल्या जाणाऱ्या भाषेतून आणि शास्त्रीबुवांच्या साह्याने घडवली. १८२६ पर्यंत त्यांचा नवा करार मराठीत आला. मोल्सवर्थचा कोश आणि नगरचे ठाणे ही दोन्ही एकाच वर्षीची, १८३१ ची, अपत्ये आहेत हा योगायोग असला तरी बोलका आहे. शब्दांची मोजदाद आणि आत्म्यांची मोजदाद त्या काळात हातात हात घालून चालली होती.

या परिभाषेतील अडचण अशी की तिच्यातील एकही शब्द कोरा नव्हता. 'पाप' हाच शब्द घ्यावा. रूढ धर्मव्यवहारात पाप ही प्रायः एक घटना असे. अमुक खाल्ले, अमुकास शिवले, अमुक ठिकाणी गेले, की ते घडे. मनात काय होते याला त्यात फारसे महत्त्व नसे, आणि घडलेल्या पापाला ठरलेला उतारा असे. 'प्रायश्चित्त' हा त्या उताऱ्याचा विधी. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, मिशनमधून परत आणण्यात आले. त्याला जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत रण माजले, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू घेतल्यामुळे त्यांनाही त्याची झळ लागली. पुढे अर्ध्या शतकानंतर पुण्यात पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे (१८९०) प्रकरण शंकराचार्यांच्या न्यायासनापर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. चहाचा एक पेला हे पाप होऊ शकते, आणि ते धुऊनही निघते, असे मानणाऱ्या समाजाला मिशनरी सांगत होते की पाप ही घटना नसून अवस्था आहे. ती जन्मापासून माणसाच्या ठायी आहे आणि कोणत्याही मानवी विधीने ती जात नाही. शब्द मात्र तोच, 'पाप'. आणि ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ सांगताना पुन्हा 'प्रायश्चित्त' हाच शब्द योजावा लागला. ऐकणाऱ्याला पंचगव्य आठवले असेल तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हता.

याहूनही अवघड जागा 'नव्या जन्मा'ची. ज्या श्रोत्याच्या धर्मकल्पनेत पुन्हा जन्मास येणे हाच मूळ फेरा आहे आणि त्यातून सुटणे हाच मोक्ष, त्याला 'तुला पुन्हा जन्मले पाहिजे' हे आश्वासन वाटेल की शिक्षा? रूढ मराठी बायबलात 'पुनर्जन्म' हा आयता शब्द टाळून 'नव्याने जन्मणे' असा प्रयोग आला आहे, त्यामागे ही जाण असली पाहिजे. 'पुन्हा' आणि 'नव्याने' या दोन क्रियाविशेषणांच्या मधल्या अरुंद जागेत एक संपूर्ण धर्मसिद्धान्त तोलून धरलेला आहे.

उलट काही शब्द असे होते की त्यांचा जुना अर्थ नव्या अर्थाच्या मदतीस धावून आला. प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी 'ऋण' हा शब्द आला. उद्धारासाठी 'तारण' हा शब्द रूढ झाला, आणि ख्रिस्ताने माणसासाठी दिलेले मोल 'खंडणी' ठरले. आता हे शब्द नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कानाने ऐकावेत. पुणे जिल्ह्यात सुपे येथे १८७५ च्या मे महिन्यात भडकलेला सावकारांविरुद्धचा दंगा पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. लोकांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर रोख धरला आणि कर्जरोखे जाळले. त्या माणसाच्या भाषेत 'तारण' म्हणजे सावकाराकडे अडकलेली जमीन वा भांडे. खंडणी म्हणजे गावावर बसवलेला दंड. पेंढाऱ्यांच्या आठवणी तेव्हा दोनच पिढ्या जुन्या होत्या. ऋण तर बापाकडून मुलाकडे वारशाने येई, अगदी ख्रिस्ती धर्मशास्त्रातील आदिपापासारखे. या माणसाला 'तुझे ऋण दुसऱ्याने फेडले, तुझा रोखा फाटला' असे सांगितल्यावर त्याला काय समजले असेल? धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला अपेक्षित होते त्याहून कदाचित कमी. पण जे समजले ते हाडामांसाचे होते. मिशनऱ्यांच्या मराठीवर कृत्रिमतेचा आरोप सर्रास केला जातो, आणि वाक्यरचनेपुरता तो खराही आहे. परंतु या तीन शब्दांच्या बाबतीत तो टिकत नाही. ते शब्द बाजारातून आणि चावडीवरून आले होते.

शब्दांबरोबर एक कथनप्रकारही आला. न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल चर्चांत सतराव्या शतकापासून, सभासद होऊ इच्छिणाऱ्याने आपल्या अंतःकरणातील कृपेच्या कार्याची हकीकत मंडळीपुढे सांगावी असा दंडक पडला होता. त्या हकीकतीला साचा होता. बेफिकीर पूर्वायुष्य, पापाची तीव्र जाणीव, निराशा, कृपेचा स्पर्श आणि मग पालटलेले जीवन. नगरास आलेले अमेरिकन मिशनरी याच परंपरेतले. अॅलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वे आणि हॉलिस रीड यांच्याबरोबर मुंबईहून नगरास आलेला बाबाजी हा ब्राह्मण गृहस्थ १८३३ साली निवर्तला, आणि त्याचे चरित्र रीड यांनी 'द ख्रिश्चन ब्राह्मन' या नावाने दोन खंडांत १८३६ साली न्यूयॉर्कला छापले. नगरशी निगडित अशी ही पहिली मोठी 'नव्या जीवना'ची कथा. ती मराठीत नव्हे, इंग्रजीत प्रकट झाली, आणि तिचा वाचक अमेरिकन चर्चमधला देणगीदार होता. बाबाजीचे स्वतःचे लेखनही त्या पुस्तकात भाषांतराच्या पडद्याआडूनच भेटते. मराठी माणसाच्या पापाच्या कबुलीला असा दूरचा श्रोता मिळाला, याचा तिच्या घडणीवर परिणाम होणे अटळ होते.

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) हे नगरचे पुस्तक नव्हे. पदमनजी बेळगावचे, आणि त्यांचा बाप्तिस्माही १८५४ साली तेथेच झाला. पण साच्याच्या दृष्टीने ते येथे आवश्यक आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी हे एक, आणि त्याच्या नावातच अंधार आणि उजेड यांची विभागणी आहे. बाप्तिस्मा हा त्यातील उत्कर्षबिंदू. त्यापूर्वीचे सारे त्याच्याकडे नेणारे. येथे एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो. आत्मचरित्र या प्रकाराला मराठीत 'पूर्वीचा मी' आणि 'आताचा मी' असा भेद करणारा निवेदक हवा होता, आणि तो पुरवण्यात धर्मांतराच्या कथेचा वाटा होता. मराठी आत्मचरित्राच्या उगमाची चर्चा करताना हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो, हे योग्य नाही.

नगरच्या लोकांनी मात्र या साच्याला लवकरच देशी वळण दिले. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे आणि विष्णु भास्कर करमरकर यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनात पापी माणूस एकटा नसतो. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, आणि टाळ-मृदंगाच्या साथीत सारी मंडळी. आपल्या हृदयाचा एकांतात शोध घेणारा प्युरिटन पापी येथे येऊन समुदायात विरघळतो. मिशनरी अहवालांनी या कीर्तनांकडे गर्दी जमवण्याचे साधन म्हणून पाहिले. प्रत्यक्षात ते साधनापेक्षा अधिक होते, कारण त्याने पापकबुलीचा वक्ता आणि श्रोता दोन्ही बदलले.

टिळकांच्या बाबतीत तर साचा मुळातच बसत नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण त्या पुस्तकाने त्यांना धरले ते पर्वतावरील प्रवचनापाशी. पापाच्या धास्तीने ते ख्रिस्ताकडे वळले असे त्यांच्या चरित्रातून दिसत नाही. त्याआधी ते जातिभेदरहित अशा धर्माच्या शोधात होते, देशाच्या अधोगतीच्या कारणांचा विचार करत होते, आणि आपल्यापुरती काही धर्मतत्त्वेही त्यांनी ठरवली होती. त्यांचा प्रश्न 'माझे पाप कसे जाईल' यापेक्षा 'या समाजाचे काय करायचे' हा होता. पुढे ते ख्रिस्ताकडे तुकोबांच्या मार्गाने पोहोचल्याचे सांगत, आणि त्याचा अर्थ केवळ अभंगाचा छंद स्वीकारण्यापुरता नाही. 'अभंगांजली'त आणि त्यांच्या उपासनागीतांत पाप हे बहुधा कायदेभंग किंवा कर्ज म्हणून येत नाही; ते दुरावा म्हणून येते. ख्रिस्त 'माउली' झाला की पापी हा आपोआप चुकलेले लेकरू होतो. न्यायाधीशापुढील आरोपी आणि आईपासून हरवलेले मूल, या दोन प्रतिमांमधले अंतर म्हणजे बॉस्टन आणि देहू यांच्यातले अंतर. टिळकांच्या ख्रिस्ती कवितेला काही मंडळींनी 'हिंदू संस्कारांचे अवशेष' असे म्हटले, तो अपुरा शेरा आहे. पतितपावन या तिसऱ्या अर्थाची निवड त्यांनी जाणून केलेली होती.

या निवडीची किंमतही त्यांनी मोजली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन करणाऱ्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत अशी त्यांची योजना होती. म्हणजे १८९५ साली ज्या विधीने त्यांचे दोन आयुष्यांत विभाजन केले, तो विधीच त्यांनी बावीस वर्षांनी उंबरठ्यावरून बाजूला सरकवला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने ही कल्पना अपुरी राहिली.

मात्र नव्या जीवनाची सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रेमळ तपासणी टिळकांच्या कवितेत नाही. ती 'स्मृतिचित्रे'त आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या या पुस्तकाचा आरंभ बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होतो. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्याच्या धक्क्यानंतर या गृहस्थाला शुद्धतेचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात यायची नाही, आणि या धुण्यात घरच्या बायकामुलांचे जीव मेटाकुटीस यायचे. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. पण कथनाच्या दृष्टीने ही आरंभीची प्रकरणे म्हणजे केवळ गमती नव्हेत. पुढे ज्या गोष्टीवर मात करायची आहे ती येथे अगदी मूर्त स्वरूपात, पाण्याच्या घागरीसह, उभी केलेली आहे. पापाचे इतके दृश्य रूप 'अरुणोदय'कर्त्यालाही साधलेले नाही. आणि लक्ष्मीबाई त्याला पाप म्हणतही नाहीत.

टिळक ख्रिस्ती झाल्यानंतर सुमारे पाच वर्षे त्या दूर राहिल्या. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी माहेरच्या आणि नात्याच्या माणसांत त्यांनी ते दिवस काढले. मग मुलाला घेऊन त्या नगरास आल्या, तरी टिळकांच्या घरात लगेच मिसळल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. मिशनच्या आवारात एका ख्रिस्ती कवीची बायको आपली चूल जपते आहे, हे दृश्य कोणत्याही मिशनरी अहवालाच्या साच्यात बसणारे नव्हते. त्यांच्यात पालट झाला तो प्रवचनाने नव्हे. एकटेपणी बसल्या बसल्या मनात विचार सुरू झाला की माणूस देवाने केला, पण या जाती कोणी केल्या? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या देहांत काही भेद दिसला असता. तो दिसत नाही, तेव्हा हे काम माणसांचे. बस्स. त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुस्तकातील खरा उंबरठा बाप्तिस्म्याच्या आधी ओलांडला गेलेला आहे आणि वाचकाला ते कळते.

धर्मांतरकथेचा अभ्यासक येथे थबकतो. पापाची जाणीव कोठे आहे? नरकाची भीती, अश्रू, निराशा कोठे आहे? त्याच काळात, १९०५ साली, नगरच्या दक्षिणेस केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात शेकडो मुली आपल्या पापांची जाहीर कबुली देत रडत होत्या. स्वतः रमाबाईंनीही १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा दुसरा पालट नोंदवला आहे. त्या मानाने लक्ष्मीबाईंचे कथन कोणाला उथळ वाटेल. तसे ते नाही. त्यांनी पापाचे स्थान बदलले आहे. आत्म्याच्या अथांग खोलीतून ते त्यांनी उचलले आणि ताट, तांब्या, पाट, उंबरा यांच्यावर आणून ठेवले, म्हणजे जेथे ते मराठी घरात खरोखर राहत होते तेथे. 'पाप'ची जुनी, स्पर्शाशी जोडलेली व्याख्या त्यांनी नाकारली नाही. ती उलटी केली. शिवणे हे पाप होते, आता न शिवणे हे पाप ठरले. यासाठी त्यांना कोणताही पारिभाषिक शब्द लागला नाही.

नव्या जीवनाबद्दल त्यांचे निवेदन आणखी निर्भीड आहे. पतीच्या धर्मांतराने त्याचा स्वभाव पालटला असे त्या भासवत नाहीत. टिळकांचा संताप, घरात पै नसताना हातातले दुसऱ्याला देऊन मोकळे होणे, न सांगता निघून जाणे, हे बाप्तिस्म्यापूर्वी होते आणि नंतरही राहिले. 'पूर्वी' आणि 'नंतर' यांच्यातील जी रेघ साचेबंद साक्षींमध्ये ठसठशीत असते, ती येथे पुसट आहे. तरीही काही बदललेले आहे हे वाचकाला जाणवते. टाकलेली, पोरकी मुले घरात येऊन राहतात, प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई मुलींची शुश्रूषा करत राहतात, आणि या गोष्टींचे त्यांना कौतुक वाटत नाही. साधुत्व आणि विक्षिप्तपणा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे इतक्या शांतपणे सांगणारा साक्षीदार ख्रिस्ती चरित्रवाङ्मयात विरळाच. कारण असा साक्षीदार व्हायला भक्त असून चालत नाही, बायको असावे लागते. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच नेले. त्या ओवीबद्ध ग्रंथाचे मोल मान्य करूनही म्हणावे लागते की त्यांचे खरे ख्रिस्तायन 'स्मृतिचित्रे' हेच आहे.

येथवरची कथा ब्राह्मण धर्मांतरितांची झाली, आणि नगरच्या ख्रिस्ती इतिहासाची हीच सर्वांत मोठी फसवणूक आहे. कारण जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने कधीच ब्राह्मणांचा नव्हता. नेवासे, राहुरी, शेवगाव, पारनेरच्या खेड्यांतून, विशेषतः १८७६–७८ च्या दुष्काळानंतर, जे मंडळीत आले ते प्रामुख्याने महार आणि मांग होते. लक्ष्मीबाईंना जो सोवळ्याचा त्याग करावा लागला तो त्यांना करण्याचे कारणच नव्हते. त्यांच्याजवळ त्यागण्यासारखे सोवळे नव्हते. ते सोवळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. मग त्यांचे पाप कोणते? त्यांच्यापुरते त्याचे उत्तर मृत जनावराचे मांस, दारू, जत्रेतील बळी आणि देवापुढचे वाजवणे, अंगात येणे असे दिले गेले. यातल्या काही गोष्टी सोडण्याने त्यांचे भले झाले यात वाद नाही. पण मेलेले ढोर ओढणे हे महाराचे पाप नव्हते, ते गावाने त्याच्यावर लादलेले काम होते. ज्याचा अपराध झाला त्यालाच अपराधी म्हणवून घ्यायला लावणारी ही भाषा होती.

या भाषेच्या मर्यादा काही मिशनऱ्यांनाही टोचल्या असाव्यात. नगरचे रॉबर्ट अॅलन ह्यूम हे १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना, ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी गेलेच नाही त्यांना मृत्यूनंतरही संधी मिळू शकेल या मताविषयी त्यांनी जाहीर सहानुभूती दाखवली, आणि अमेरिकन बोर्डाने त्यांच्या परतीलाच हरकत घेतली. वर्षभराच्या वादानंतर १८८७ मध्ये त्यांना नगरास येऊ दिले गेले. अँडोव्हर सेमिनरीच्या भांडणाचा एक अध्याय म्हणून हा प्रसंग अमेरिकन चर्चच्या इतिहासात नोंदलेला आहे. नगरच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ निराळा दिसतो. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाचे आईबाप, आजेपणजे कोठे गेले, हा प्रश्न श्राद्धपक्षाच्या संस्कृतीत कोणालाही टाळता येण्यासारखा नव्हता. आपला नवा जन्म होतो आणि आपले पितर जुन्याच पापात कायमचे जळतात, हा सौदा मनाला पटणारा नव्हता.

आणि पापाची फिर्याद कोणी कोणाविरुद्ध करायची याचे दुसरे उत्तर 'ज्ञानोदय'च्याच पानांवर आधीच छापले गेले होते. १८५५ साली, पत्र मुंबईहून निघू लागल्यानंतर, पुण्यातील जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध त्यात दोन अंकांत आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या त्या निबंधात वेद ज्यांचे त्यांचे, तर आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल आहे. इमारतींच्या पायात माणसे पुरल्याची आठवण आहे. स्वतःच्या पापाची कबुली मात्र त्यात नाही. मिशनरी पत्राच्या संपादकाने तो छापला, हे त्याचे श्रेय. तो छापताना आपल्या पापकल्पनेला केवढा तडा जातो आहे हे त्याला जाणवले होते का, याचा मागमूस पुढच्या उपदेशपर लेखनात लागत नाही.

हा तडा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघड केला. 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या, त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि १९८९ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आलेल्या निबंधात त्यांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या मनःस्थितीचे जे विश्लेषण केले आहे, त्याचा गाभा असा की हिंदू असताना त्याला आपल्या अवनतीचे कारण पूर्वजन्मीचे कर्म असे सांगितले गेले, आणि ख्रिस्ती झाल्यावर ते आदिपुरुषाचे पाप असे सांगितले गेले. परिस्थितीला दोष देण्याची, म्हणून ती बदलण्याची, वाट दोन्हीकडे बंदच. कर्म आणि आदिपाप ही दोन तत्त्वे धर्मशास्त्रात परस्परविरोधी मानली जातात. आंबेडकरांनी त्यांच्या सामाजिक परिणामाची एकरूपता दाखवली. 'नव्याने जन्मणे' आणि 'पुनर्जन्म' यांत भाषांतरकारांनी जपून ठेवलेले अंतर येथे एका फटक्यात नाहीसे होते.

आंबेडकरांच्या या निदानाला नगरच्या खेड्यांतून पूर्ण दुजोरा मिळतो असे मात्र म्हणता येणार नाही. मिशनच्या शाळांतून शिकलेली, गावकीचे काम नाकारणारी आणि चर्चच्या बाकावर बसून आपल्या नावाने हाक मारून घेणारी एक पिढी तेथे घडली. तिने पापाची व्याख्या शब्दशः मानली की नाही हे सांगणे कठीण आहे. तिने त्या व्याख्येबरोबर आलेली पाटी-पेन्सिल घट्ट धरली. परंतु या पिढीने 'स्मृतिचित्रे' लिहिली नाहीत. मंडळीच्या वह्यांत तिची नावे आहेत, बाप्तिस्म्याच्या तारखा आहेत, शिस्तभंगाच्या नोंदी आहेत. तिच्या नव्या जन्माचे कथन दुसऱ्यांनी, इंग्रजी अहवालांत, देणगीदारांसाठी लिहिले. बाबाजीच्या वेळची स्थिती तिच्या बाबतीत शतकभर तशीच राहिली.

१९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयांना त्या यादीतून वगळले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते हा मिशनऱ्यांचा दावा भारतीय राज्यसंस्थेने असा अगदी शब्दशः मान्य केला. गावाने तो कधीच मान्य केला नव्हता. १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी त्या आदेशात दुरुस्ती झाली, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. नगर जिल्ह्यातील एखाद्या गावी आजही साळवे किंवा गायकवाड अशा एकाच आडनावाची दोन घरे भिंतीला भिंत लावून असतात. एकाच्या दारावर क्रूस असतो, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर असते. तालुक्याच्या कचेरीत ही दोन घरे दाखल्यासाठी गेली की त्यांतल्या एकालाच विचारले जाते की तुमची जात कोणत्या साली गेली.